शाडूचा प्लूटो

हरिश्चंद्रांनी ज्या फोटोची नऊ वर्षं वाट पाहिली, तो पेपरात छापून आला त्या दिवशी त्यांना तो दिसला नाही.

बुधवार होता, जुलै महिना, साल दोन हजार पंधरा. शांती नगरमधल्या त्यांच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात वासंती रोजच्यासारखी चहाचे कप घेऊन बाहेरच्या खोलीत आली आणि पेपर उलगडून बसली. गेली तीन वर्षं हा तिचा नेम होता. आधी मथळे, मग पाणी किती वाजता येणार ते, मग निधनाच्या बातम्या, आणि चहा उरलाच तर अग्रलेख. हरिश्चंद्र डोळे मिटून ऐकायचे. त्यांच्या दोन्ही डोळ्यांचे पडदे मधोमध खराब झाले होते. वयानं होतं असं, डॉक्टर म्हणाले होते. कडेकडेचं दिसायचं, मधलं नाही. दाराची चौकट दिसायची, दारात उभं राहिलेलं माणूस दिसायचं नाही.

"पहिल्या पानावर काय आहे?" त्यांनी विचारलं.

"एक गोळा आहे," वासंती म्हणाली. "प्लूटो, असं लिहिलंय. ते यान काल त्याच्या जवळून..."

"थांब. वाचू नकोस. दे इकडे."

पेपर घेऊन ते गॅलरीत गेले. जवळ धरून पाहिला, लांब धरून पाहिला, मान तिरकी केली. मग आत येऊन टेबलाचा खण चाचपला आणि जुनं पितळी भिंग काढलं. भिंगातून पेपरचा कोरा समास दिसला, शेजारच्या जाहिरातीची लाल कड दिसली. जिथं बघायचं, तिथं मात्र नेहमीचा धुरकट डाग. वासंती कप हातात धरून उभी होती. त्यांनी पेपरची घडी केली, घडीची घडी केली, गादीखाली सरकवली आणि पाठ फिरवून आडवे झाले. चहा तसाच राहिला.

दुपारी जेवण झाल्यावर त्यांनी एकदम विचारलं, "कसा आहे?"

"कोण?"

"तो."

वासंतीनं गादीखालून पेपर काढला. "बदामी रंगाचा आहे. जरा तांबूसपण म्हणता येईल. आणि खालच्या अंगाला हा एवढा मोठा पांढरा बदाम."

"खायचा की पत्त्यातला?"

"पत्त्यातला."

हरिश्चंद्र म्हणाले, "मी निळसर करडा दिला होता गं."

ती गोष्ट वासंतीला ठाऊक होती. लग्नानंतरची कितीतरी वर्षं हरिश्चंद्र गिरगावात शाळांचे तक्ते छापणाऱ्या एका छापखान्यात चित्रकार होते. फुलांचे अवयव, माणसाची पचनसंस्था, शेतकऱ्याचे मित्र, हे सगळं त्यांच्या हातून उतरलं होतं. अठ्ठ्याहत्तर साली मालकांनी सूर्यमालेचा तक्ता करायला सांगितला. शनीची कडी, गुरूचे पट्टे, मंगळाचा तांबडा रंग, सगळ्याला पुस्तकांचा आधार मिळाला. नववा ग्रह आला तेव्हा आधारच नव्हता. त्यांनी कॉलेजातल्या एका प्राध्यापकांना गाठून विचारलं, तर ते म्हणाले, तो दुर्बिणीतून नुसता ठिपका दिसतो, कुठलाही रंग द्या, कोण बघायला गेलंय? हरिश्चंद्रांनी निळसर करडा दिला. तो तक्ता महाराष्ट्रभर भिंतींवर लागला, हजारो पोरांनी त्यात बघून आपापल्या वह्यांत निळसर करडे गोळे रंगवले, आणि ह्या माणसाच्या मनात एक काटा रुतून बसला. आपण न बघितलेली गोष्ट बघितल्यासारखी काढली, हा तो काटा.

दोन हजार सहाच्या जानेवारीत यान निघाल्याची बातमी आली, तेव्हा त्यांनी कात्रण कापून ठेवलं आणि बोटांवर हिशेब केला. "पंधरा साली पोचेल. मी एकोणसत्तर वर्षांचा असेन. बघून जाईन म्हणजे." त्याच वर्षी ऑगस्टमध्ये शास्त्रज्ञांनी प्लूटोला ग्रहांतून काढून खुजा ग्रह ठरवलं आणि छापखान्यातून निरोप आला, की तक्त्यावरून नववा गोळा पुसा. ज्या हातानं काढला होता त्याच हातानं त्यांनी त्यावर काळा रंग फिरवला. त्या संध्याकाळी घरी येऊन ते एवढंच म्हणाले होते, "तिकडे यान चाललंय आणि इकडे आम्ही पुसतोय."

डोळे अकरा सालापासून जायला लागले.

त्या जुलैपासून वासंतीच्या मागे एक नवंच काम लागलं. यानातून फोटो अगदी सावकाश यायचे. एवढ्या लांबून निरोप यायचा म्हणजे धार बारीक असणारच, हरिश्चंद्र सांगायचे. सगळे यायला सव्वा वर्ष लागणार होतं. त्यांची मुलगी संचिता पुण्याला असायची. नवा फोटो आला की ती आईच्या मोबाइलवर पाठवायची आणि खाली दोन ओळींत माहिती लिहायची. वासंती चष्मा पुसून मोबाइल डोळ्यांशी धरायची आणि सांगायला लागायची.

"हा बदामाच्या आतला भाग आहे. गुळगुळीत आहे, पण भेगा आहेत. साय धरल्यावर दुधाचं पातेलं हलवलं तर कसं होतं, तसं."

"भेगा किती रुंद? चौकोनी तुकडे पडलेत की कसे?"

"चौकोनी नाही. वेडेवाकडे. खांडवी कापताना सुरी चुकली तर..."

"वासंती," हरिश्चंद्र म्हणाले, "जरा स्वयंपाकघरातून बाहेर येतेस का?"

त्यांनी आवाज चढवला नव्हता. पण वासंतीनं मोबाइल खाली ठेवला आणि ती उठून आत गेली. कुकर लावला, भाजी निवडली, ओटा पुसला, पुसलेला ओटा परत पुसला. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात तिनं ह्याहून कडू शब्द गिळले होते. हाच का घशात अडकला, ते तिला कळेना. संध्याकाळी कपडे वाळत घालताना कळलं. स्वयंपाकघराच्या पलीकडेही आपलं काही होतं, हे ह्या माणसाला माहीतच नव्हतं.

वासंती पेणची. तिच्या वडिलांचा गणपतींचा कारखाना होता. सात वर्षांची असल्यापासून तिचे हात शाडूत होते. आधी साच्यात माती दाबायची, मग सांधे बुजवायचे, मग सोंडेचं वळण, बोटांची नखं. सोळाव्या वर्षी वडील तिला मखरातल्या मोठ्या मूर्तींची बोटं करायला द्यायचे. कारखान्यात गडीमाणसं होती, थोरला भाऊ सुभाष होता, पण बोटं वासंतीचीच. लग्न होऊन ती गिरगावातल्या एका खोलीत आली. तिथं मातीला जागा नव्हती, आणि सासूबाईंना फरशीवर पाण्याचा ओघळसुद्धा खपत नसे. पहिल्या वर्षी श्रावणात तिच्या हातांना अक्षरशः खाज सुटायची. मग हळूहळू सुटेनाशी झाली. वडील गेले, सुभाषनं कारखाना मोडून जागेवर दुकानगाळे बांधले, आणि ती गोष्ट संपली. हरिश्चंद्रांना सासरे मूर्तिकार होते एवढं माहीत होतं. बायको काय करायची, हे त्यांनी कधी विचारलं नाही आणि तिनं कधी सांगितलं नाही.

दोन दिवस तिनं एकही फोटो वाचून दाखवला नाही. हरिश्चंद्रांनीही विचारलं नाही. ते गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे आणि उजव्या हाताचं पहिलं बोट खुर्चीच्या दांड्यावरून फिरवत राहायचे, मागे-पुढे, मागे-पुढे. लाकडाच्या एका गाठीवर बोट थांबायचं, तिला वळसा घालायचं, पुढे जायचं. वासंती भांडी घासताना ते बघत होती. नळ चालू राहिला.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती "येते जरा" म्हणून निघाली आणि रिक्षा करून भाईंदरला गेली. स्टेशनपासून थोड्या अंतरावर पत्र्याची मोठी शेड होती, दर वर्षी तिथं गणपतींचा कारखाना लागायचा. चालवणारा काशीनाथ पेणजवळच्याच गावचा, पन्नाशीचा माणूस. गणेशचतुर्थी महिन्यावर आलेली, त्याला श्वास घ्यायला फुरसत नव्हती.

"काकी, बुकिंग करायचं हाय का?"

"शाडू हवाय. पाचेक किलो."

"घरीच करताव गणपती?"

"गणपती नाही," वासंती म्हणाली. काय सांगावं ते तिला पटकन सुचेना. "एक गोल करायचाय. त्याच्यावर डोंगर आहेत."

काशीनाथनं तिच्याकडे पाहिलं, मग कोपऱ्यातल्या भिजवलेल्या मातीवरचं गोणपाट बाजूला केलं. वासंती खाली बसली आणि तिनं एक गोळा उचलून अंगठ्यानं दाबला. माती थंड होती. अंगठा आपोआप वळला, कडेला आला आणि जादा माती निसटून गेली. चव्वेचाळीस वर्षं झाली होती. तिला वाटलं होतं हात विसरले असतील.

काशीनाथ बघत होता. "कंच्या गावच्या तुम्ही?"

"पेणच्याच," ती म्हणाली. "ही अजून मळायला पाहिजे. खडा लागतोय."

घरी येताना तिनं शांती नगरमध्ये रोशनच्या दुकानातून बदामाच्या डाव्या काठाचा फोटो मोठा छापून घेतला. रोशन झेरॉक्स आणि फोटोप्रिंटचं काम करायचा. "चाची, ये कौन सी जगह है? लद्दाख?" त्यानं विचारलं. "उससे थोडा आगे," वासंतीनं सांगितलं.

मागच्या बाल्कनीत पाट मांडून तिनं चार दिवस काम केलं, हरिश्चंद्र दुपारचे झोपायचे त्या वेळात. फोटोत एका बाजूला गुळगुळीत पटांगण होतं आणि दुसऱ्या बाजूला खडबडीत खवले. पटांगण तिनं ओल्या ब्रशनं आरशासारखं केलं, त्यात भेगांच्या उथळ रेघा ओढल्या. खवल्यांच्या जागी काळं जास्त दिसत होतं, तिथं ती कोरणीनं कोरत गेली. पाचव्या दिवशी तिनं पाट उचलून बाहेरच्या खोलीत आणला, हरिश्चंद्रांच्या मांडीवर ठेवला आणि त्यांचा हात धरून मातीवर नेला.

"काय आहे हे?"

"तुमचा प्लूटो. एक तुकडा."

त्यांचा हात दचकून मागे गेला. मग परत आला, आधी बोटांची टोकं, मग सगळा तळवा. पटांगणावरून हात सरकला. भेगेत बोट शिरलं, भेगेच्या कडेनं चालत गेलं, दुसरी भेग मिळाली तिथं वळलं. मग बोट काठावर आलं आणि खड्ड्यात पडलं. एक खड्डा, दुसरा खड्डा. हरिश्चंद्रांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"इथे तर डोंगर हवेत," ते म्हणाले. "तूच वाचलं होतंस. अकरा हजार फुटांचे, बर्फाचे. हे खड्डे कुठून आले?"

"फोटोत काळं दिसतं तिथं."

"काळं म्हणजे खड्डा नसतो गं. काळं म्हणजे सावली. उजेड कुठून पडलाय?"

"मला काय माहीत?"

"फोटो आण. शेजारी बस." हरिश्चंद्र पुढे सरकले. त्यांचा आवाज बदलला होता, छापखान्यात नव्या माणसांना शिकवायचे तेव्हाचा असावा. "एकच उंचवटा निवड. त्याची एक कड लख्ख असेल. कुठली?"

"डावी... नाही, वरची."

"मग उजेड वरून येतोय. वरची कड उजळ, खालची काळी, तर तो डोंगर. उलट असेल तर खड्डा. आता बघ."

वासंतीनं पाहिलं. क्षणभर काहीच झालं नाही. आणि मग सगळा फोटो तिच्या डोळ्यांदेखत उलटा झाला. खड्डे वर आले, एकामागून एक, आणि ओळीनं डोंगर होऊन उभे राहिले. तिच्या तोंडून "अगंबाई" निघून गेलं.

"आले का वर?" हरिश्चंद्रांनी विचारलं.

"आले. सगळे आले हो."

ते इतके खूश झाले, की त्यांनी खुर्चीच्या दांड्यावर थाप मारली. मग तोच हात परत मातीवर ठेवून, बोटं चोळत, त्यांनी हळू आवाजात विचारलं, "हे तू कुठं शिकलीस?"

"माहेरी."

"मला कधी बोलली नाहीस."

"तुम्ही विचारलं नाहीत."

हरिश्चंद्र पाट मांडीवरून उतरवून म्हणाले, "मोड हे. परत करू."

'कर' न म्हणता 'करू' म्हणाले, हे वासंतीनं ऐकलं.

मग घराला तोच नाद लागला. गणेशचतुर्थीच्या दिवशी, आरती आटोपून वासंती मोदकांचं पातेलं उतरवत होती तेव्हा संचिताचा नवा फोटो आला. यान प्लूटोला ओलांडून पुढे गेल्यावर मागे वळून काढलेला. सूर्य मावळतीला, डोंगरांच्या सावल्या लांबच लांब पडलेल्या, आणि वर धुक्याचे पापुद्रे, एकावर एक. वासंती ते बघत उभीच राहिली. हे सांगायला तिच्याकडे स्वयंपाकघरातला शब्द नव्हता, आणि दुसरा कुठलाही नव्हता.

"सांग ना," हरिश्चंद्र म्हणाले.

"संध्याकाळ आहे," ती म्हणाली. "तिथली."

त्यांनी मान हलवली. संचिताशी फोनवर बोलताना मात्र त्यांनी दोनदा नाक ओढलं. "बाबा, तुम्ही रडताय का?" तिनं विचारलं, तर म्हणाले, "छे, मोदक गरम होता."

सावल्या लांब होत्या, त्यामुळे कुठला डोंगर किती उंच ते काढता आलं. वासंती बोटपेरानं सावली मोजायची, हरिश्चंद्र तोंडी गणित करायचे, आणि ती मातीची चिमूट वाढवायची किंवा काढायची. दिवाळीनंतर त्यांनी सपाट पाट सोडून सबंध गोल करायला घेतला, नारळाहून थोडा मोठा. दोन वाट्या वेगळ्या करून सांधल्या. पहिला गोल वाळताना तडकला. दुसरा वासंतीनं ओल्या फडक्यात गुंडाळून पंधरा दिवस सावकाश वाळवला. त्याच्याबरोबर चंद्र झाले. मोठा शॅरन, प्लूटोच्या निम्म्यानं, कमरेला करवतीनं कापल्यासारखी दरी असलेला. आणि चार बारके, वेडेवाकडे, ज्यांचे फोटो इतके धूसर होते की वासंतीनं ते मुठीत दाबून तसेच ठेवून दिले.

"प्लूटो आणि शॅरन एकमेकांकडे कायम एकच बाजू ठेवून फिरतात," हरिश्चंद्रांनी तिला सांगितलं. "पाठ म्हणून करत नाहीत."

"मान अवघडत नाही का?"

"कोट्यवधी वर्षं झाली. सवय झाली असेल."

ती हसली. पण काम करताना तिच्या मनात दुसरंच घोळत होतं. ह्या माणसाला त्या चंद्राच्या दरीची खोली माहीत होती. समोर बसलेल्या बायकोचा चेहरा त्यानं चार वर्षांत पाहिलेला नव्हता. पाहिला नाही त्याबद्दल तक्रार नव्हती, डोळेच नव्हते. पण कसा दिसतो, असं एकदाही विचारलं नाही. अब्जावधी किलोमीटरवरच्या दगडाबद्दल विचारलं, भेगा किती रुंद? चौकोनी की कशा? हे तिनं कुणाला बोलून दाखवलं नसतं. मातीच्या कामात हात गुंतले की मन मोकळं सुटतं, आणि नको तिथं जाऊन बसतं.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी ती प्लूटोच्या काठावर शेवटचा ब्रश फिरवत होती. हरिश्चंद्र समोर बसून खिडकीकडे तोंड करून होते. बराच वेळ तसेच. तिला वाटलं, बाहेर काही आवाज येतोय.

"तुझे केस सगळे पांढरे झाले?" त्यांनी विचारलं.

वासंतीचा ब्रश थांबला. "कुणी सांगितलं?"

"दिसतायत. खिडकीकडे बघितलं की तू कडेला येतेस. धुरकट, पण येतेस." ते खिडकीवरून नजर न काढता बोलत होते. "दार, खुर्ची, भांडी, सगळं मी असंच बघतो. तुला असं बघायचं कधी सुचलंच नाही बघ. शेवटचं पाहिलं तेव्हा अर्धे काळे होते."

"तेव्हा मी रंगवत होते," ती म्हणाली.

"कधी सोडलंस?"

"तुमचे डोळे गेले तेव्हा. कुणासाठी रंगवायचे?"

हरिश्चंद्र खिडकीकडे बघत राहिले. वासंतीनं ब्रश पाण्यात बुडवला, निथळला, आणि अंगावरचा पदर सारखा केला. कुणीतरी बघत असताना बायका करतात तसा. त्यांना तेवढं दिसत नसणार हे तिला ठाऊक होतं.

मे महिन्यात काशीनाथ स्वतः घरी आला. वासंतीनं मधल्या काळात दोनदा त्याच्याकडून शाडू आणला होता आणि दुसऱ्या वेळी उभ्या उभ्या एका मूर्तीची बिघडलेली बोटं नीट करून दिली होती. टीपॉयवरचे गोल बघून तो आधी हात जोडायला निघाला, मग थांबला.

"काकी, औंदा आमच्याकडं या. मोठ्या मूर्तींची बोटं करणारा मानूस न्हाय. साचा सगळे मारतात, बोटं कोनाला जमत न्हाईत."

"आता ह्या वयात? आणि ह्यांच्याकडे कोण बघणार?" वासंती म्हणाली. पण तिचा अंगठा पदराच्या काठावर आपोआप वळत होता.

"मी काय पळून जातोय?" हरिश्चंद्र आतून म्हणाले. "दुपारी दोन ते सहा जाईल ती. रिक्षानं. चहा मला करता येतो."

"गॅस पेटवताना..."

"वासंती, जा."

त्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात ती रोज गेली. शेडमध्ये तिच्यासाठी एक स्टूल आणि पंखा ठेवला होता. तिच्या हाताखालून त्या वर्षी एकशे चाळीस मूर्तींची बोटं गेली. संध्याकाळी ती घरी यायची तेव्हा नखांत माती असायची. ती पुसू नये असं तिला वाटायचं, आणि कधी कधी रिक्षात बसल्या बसल्या वडिलांची इतकी आठवण यायची, की नाक्यावर ट्रकांच्या गर्दीत रिक्षा अडकली तरी तिला पत्ता लागत नसे. आपण ह्या कामासाठी इतकी वर्षं झुरत होतो, हे काम परत मिळाल्यावर कळलं. ज्यांना ते दाखवायचं होतं ते कुणीच उरले नव्हते. सुभाषला फोन केला, तर तो म्हणाला, "बरंय की, वेळ जातो."

ऑक्टोबरच्या शेवटी, दिवाळीच्या तोंडावर, पेपरात आतल्या पानावर चार ओळींची बातमी होती. वासंतीनं ती वाचून दाखवली. यानानं पाठवायचं होतं ते सगळं पाठवून झालं होतं. शेवटचा तुकडा पृथ्वीवर पोचला होता. आता यान आणखी पुढे, दुसऱ्या कुठल्याशा दगडाकडे चाललं होतं.

"म्हणजे आता नवीन फोटो नाही," वासंती म्हणाली.

"नाही."

हरिश्चंद्रांनी हात पुढे केला. तिनं प्लूटो उचलून त्यांच्या मांडीत दिला. त्यांनी तो सवयीनं फिरवला. डोंगरांची ओळ, पटांगण, भेगा, काठावरचे चढ. मग गोल उलटा झाला आणि त्यांचे तळवे पाठीमागच्या बाजूवर आले. तिथं काहीच नव्हतं. वासंतीनं ती बाजू नुसती गुळगुळीत सोडली होती.

"ही बाजू?"

"तिचे फोटो नाहीत. म्हणजे आहेत, पण लांबून काढलेले. संचितानं पाठवले होते. नुसते डाग आहेत, डोंगर की खड्डा काही कळत नाही. यान जवळून गेलं तेव्हा ती बाजू पलीकडे होती."

"परत कोणी जाणार असेल."

"जाईल कधीतरी. वीस वर्षांनी, तीस वर्षांनी."

हरिश्चंद्र सत्तरीचे झाले होते. दोघांनीही गणित केलं.

"काहीतरी करून टाकू का?" वासंतीनं विचारलं. "चार डोंगर, दोन खड्डे. माती आहे अजून."

हरिश्चंद्रांनी जोरात मान हलवली. "नको. माहीत नाही ते नको."

"हाताला बोचत नाही? रिकामं लागतं तिथं."

"लागू दे."

वासंती त्यांच्या शेजारी दिवाणावर बसली. फराळाचं अर्धं राहिलं होतं, चकलीचं पीठ मळून ठेवलेलं होतं, संचिता उद्या येणार होती. तरी ती बसली. त्यांचा एक हात गोलावरून जरा सरकला आणि जागा झाली, तिथं तिनं आपला तळवा ठेवला. माती गार आणि कोरी होती. खाली मुलांनी पहिला फटाका लावला, कुणीतरी मोठ्यानं ओरडलं. दोघांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

"काय असेल गं ह्या बाजूला?" बऱ्याच वेळानं हरिश्चंद्र म्हणाले.

"देव जाणे," वासंती म्हणाली, आणि तिनं हात काढला नाही.